संपेल तेवढंच सुरू कर

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

काल नकाशाची गुंडाळी टेबलावर पसरून तू खोल्या दाखवत होतीस, आणि बोलता बोलता म्हणून गेलीस, "मावशी, आत्ता वरच्या स्लॅबपर्यंत तरी नेऊ, पुढचं पुढे बघू." तू गेल्यावर रात्री बराच वेळ मला झोप लागली नाही. हेच वाक्य तेवीस वर्षांपूर्वी आमच्या घरात बोललं गेलं होतं, आणि त्यावर मान डोलावणारी मी होते. म्हणून लिहायला बसले.

घर बांधावं की बांधू नये, हा तुझा प्रश्नच नाही. खाली आईबाबा, वर तू आणि भाऊ, गच्चीवर एक खोली, आणि हातात पैसे ह्या सगळ्याच्या जेमतेम साठ टक्के. बाबा म्हणतात, एकदाच काय ते मोठं बांधू. भाऊ म्हणतो, कर्ज वाढवून घेऊ. दोघांचंही मन राखायचं म्हणून तू "पुढचं पुढे" म्हणतेस. मन राखायला दुसऱ्या हजार जागा आहेत, बांधकामाची जागा त्यातली नव्हे. संपेल तेवढंच सुरू कर. ह्या पत्रात मी हेच पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाच.

आम्ही दोन मजले काढले होते. खालचा आमचा, वरचा दीर-जाऊबाईंचा. खालचा स्लॅब पडला तेव्हा सगळ्यांना घर झाल्यासारखंच वाटलं. स्लॅब फसवतो. तो पडतो तेव्हा जवळपास निम्मा खर्च पुढे असतो : गिलावा, फरशी, दारं-खिडक्या, ग्रिल, नळ, वायरिंग, वॉटरप्रूफिंग, रंग. हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही, आम्ही ते मोजलं नव्हतं. वरच्या भिंती लिंटेलपर्यंत, म्हणजे दारं-खिडक्यांच्या वरच्या आडव्या पट्टीपर्यंत आल्या आणि पैसे संपले. मग तीन पावसाळे ते तसंच उभं राहिलं. कॉलमच्या वर निघालेल्या सळया बोटाने खरवडल्या की लाल पापुद्रे हातात येत. भाव वाढणार म्हणून आधीच घेऊन ठेवलेल्या सिमेंटच्या गोण्या कडांनी दगड झाल्या. तीन महिने पडून राहिलं तरी सिमेंटची ताकद साधारण पाचव्या हिश्शाने उतरते, आमचं तर वर्षभर पडून होतं. मिस्त्री घणाने ती ढेकळं फोडायला निघाला, तेव्हा मी त्याचा हात धरला आणि सगळ्या गोण्या कंपाउंडच्या खड्ड्यात भरायला लावल्या.

आणि ह्या तिन्ही वर्षांत भाडं चालू होतं, व्याजही चालू होतं. तू बँकेचे कागद घेऊन आली होतीस, त्यात मंजूर रक्कम ठळक छापलेली आहे. ती रक्कम एकदम हातात येत नाही, बाई. आधी तुमचा वाटा घालायचा, मग काम जसजसं वर येईल तसतसे बँकेचे हप्ते सुटतात. बँकेचा माणूस येऊन बघणार, इंजिनीअरचा दाखला लागणार, त्यानंतर पैसे. कंत्राटदाराला मात्र पैसे कामाच्या आधी हवे असतात. ह्या दोन तारखांमधली फट स्वतःच्या खिशातून भरावी लागते. खिसा आधीच पाया घालताना रिकामा झालेला असेल तर काम थांबतं, काम थांबलं की बँकेचा पुढचा हप्ता थांबतो, आणि हप्ता थांबला म्हणून काम सुरू होत नाही. आम्ही ह्याच चक्रात अडकलो होतो. घेतलेल्या रकमेवरचं व्याज तेवढ्यात भरत राहायचं. त्याने मुद्दल एक पैसाही कमी होत नाही.

भावाला हिशेब दाखव. 9 टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतलेलं कर्ज फेडताना घेतलेल्या रकमेच्या जवळजवळ 2.16 पट भरावे लागतात. तेच 15 वर्षांत फेडलं तर 1.83 पट, पण दरमहाचा हप्ता साधारण आठव्या हिश्शाने वाढतो. म्हणजे गच्चीवरची ती खोली कर्जातून बांधलीस तर दोन खोल्यांचे पैसे मोजून एक खोली मिळेल. त्या खोलीत कोण झोपणार, हे मी काल विचारलं तेव्हा तुला सांगता आलं नाही.

आता कामाचं. तुम्ही खोल्या आधी मांडल्यात आणि पैसे मागून शोधताय. उलटं कर. हातातले पैसे आणि हप्ता न दुखता फेडता येईल इतकंच कर्ज, ह्यांची बेरीज मांड. त्यातून दहा ते पंधरा टक्के बाजूला काढ आणि विसरून जा. मग राहायला जाण्यासाठी लागणारं पण अंदाजपत्रकात हमखास सुटणारं सगळं वजा कर : पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, विजेचं कनेक्शन, कंपाउंड, गेट, परवानगीचा खर्च, आर्किटेक्टची फी, बांधकाम चालेल तितक्या महिन्यांचं भाडं. जे उरेल त्याला चौरस फुटाच्या दराने भाग. येईल तेवढं तुझं घर. आकडा लहान येईल. येऊ दे.

वरचा मजला कधीतरी हवाच असेल तर त्याची सोय आत्ता करता येते. स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून पाया आणि कॉलम दोन मजल्यांच्या भाराचे काढून घे, जिन्याची जागा धर, आणि गच्चीवर सळया सोडल्या तर त्यांच्यावर कच्चं, म्हणजे कमी सिमेंटचं काँक्रीट ओतून घे, म्हणजे गंज चढणार नाही. पाया पुढचा विचार करून घालावा, तो नंतर वाढवणं फार अवघड. भिंती मात्र आज राहणाऱ्या माणसांपुरत्याच.

कंत्राटदाराशी टप्पे लिहून ठरव आणि पैसे नेहमी कामाच्या एक पाऊल मागे ठेव. "एक्स्ट्रा" म्हणून जे निघेल त्याचा दर काम करण्याआधी लिहून घे. कॉलम उभे राहिल्यावर खिडकी सरकवायची नाही, आत्ता खोडरबर आहे तोवर हवं तितकं सरकव.

पैशाची ओढाताण झाली की पहिली काटछाट न दिसणाऱ्या गोष्टीत होते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एका सकाळी मी साइटवर उभी होते. माल घट्ट वाटतो म्हणून बिगाऱ्याने मिक्सरमध्ये आणखी एक बादली ओतली. 50 किलोच्या गोणीला 25 लिटरच्या आसपास पाणी पुरतं, वाळू ओली असेल तर त्याहून कमीच. जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि आत बारीक पोकळ्या ठेवून जातं. मी ओरडले. तो म्हणाला, "ताई, आज स्लॅब संपवायचाय, सेंट्रिंगवाल्याचं भाडं चढतंय." सेंट्रिंग म्हणजे स्लॅबखालच्या फळ्या-टेकू. घाई त्याची नव्हती, आमचीच होती. त्या कोपऱ्यात आजही ओल येते. पुढे पाणी मारायला माणूस ठेवणं परवडेना, म्हणून सात दिवस भिजायला हवं ते काँक्रीट चार दिवसांत कोरडं पडलं. आपल्या ऐपतीतलं काम असतं तर हे तीन दिवस आम्ही वाचवले नसते.

शेवटी मी हट्ट धरला. वरच्या भिंती उतरवायला लावल्या, विटा विकल्या, लोखंड झाकलं आणि खालचा मजला आठ महिन्यांत पुरा केला. वर उत्तरेच्या भिंतीवर जाऊबाईंनी त्यांच्या खिडकीचा चौकोन कोळशाने काढून ठेवला होता. ती भिंत उतरवताना मी तिथे थांबू शकले नाही. दीर चार वर्षं बोलले नाहीत. मी त्यांचं घर पाडलं असं नातेवाईक अजून म्हणतात. मी घर पाडलेलं नाही. तिथे घर नव्हतंच, नुसत्या चार भिंती होत्या आणि त्यांचं व्याज आम्ही भरत होतो. सासूबाईंना त्यांच्या हयातीत स्वतःच्या छपराखाली दोन वर्षं मिळाली, ती त्या निर्णयामुळे. जाऊबाईंना मी पहिल्याच दिवशी "नाही जमणार" म्हणायला हवं होतं, एवढं मात्र माझं चुकलं. तेव्हा मला मन राखायचं होतं.

म्हणून तुला आज कठोर वाटेल तेच सांगते. वरचा मजला आणि गच्चीची खोली ह्या नकाशातून काढ, आणि बाबांना तू स्वतः सांग, आर्किटेक्टच्या तोंडून नको. चिडतील. त्यांना खालच्या मजल्याची पूर्ण यादी दाखव, शेवटच्या कडी-कोयंड्यापर्यंत, आणि प्रत्येक ओळीसमोर पैसे कुठून येणार ते लिहिलेलं असू दे. एकही ओळ रिकामी असेल तर कुदळ मारू नका.

रविवारी दुपारी मी घरी आहे. ती यादी घेऊन ये, भावालाही आण. माझ्या त्या वेळच्या खर्चाच्या तीन वह्या काढून ठेवते. दुसऱ्या वहीत मधली बरीच पानं कोरी आहेत, त्या वर्षी लिहायला काही खर्चच नव्हता. ती त्याला दाखवायची आहेत.

तुझी,
मावशी