खानापूर तालुक्यातल्या गावातून वर्क फ्रॉम होम करायचंय, 30 हजारांत कोणता लॅपटॉप घ्यावा?

तुमचं काम एक्सेल, ब्राउझर आणि दिवसाला दोन-तीन व्हिडिओ कॉल, आणि गाव जांबोटीच्या बाजूला. मीही त्याच भागातून पुण्याच्या ऑफिसचं काम करतो, म्हणून आधी एकच सांगतो: सगळे 30 हजार लॅपटॉपवर घालू नका. वीसच्या आसपास मशीन बसवा, बाकीचे लाइट आणि नेटसाठी ठेवा. आपल्याकडे जून लागला की मशीन किती फास्ट आहे हे कुणी विचारत नाही, लाइट गेल्यावर ते किती वेळ टिकतं ते महत्त्वाचं.

म्हणून मी कंपन्यांतून निघालेला जुना बिझनेस लॅपटॉप घ्या म्हणेन. माझ्याकडे लेनोवोचा थिंकपॅड टी480 आहे, 2018 चं मॉडेल. त्याला दोन बॅटऱ्या, एक आत आणि एक मागे. मागची चालू मशीनमधून काढून दुसरी लावता येते. आतली 24 वॉट-अवरची (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप), मागची मोठी घेतली तर 72 ची, मिळून 96. जुन्या झाल्यामुळे निम्मी ताकद उरली असं धरलं तरी 48 राहतात, आणि साध्या कामाला 15 वॉट लागले तर तीन तास निघतात. रॅम 8 जीबी असेल तर पुढे वाढवताही येते.

आठव्या पिढीच्या खालचा इंटेल प्रोसेसर मात्र स्वस्त मिळाला तरी नको. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 त्या जुन्या प्रोसेसरवर सहसा अधिकृतपणे चालत नाही.

बेळगावात दुकानात बसूनच तपासा. नोटपॅड उघडून एकेक बटण दाबा, पांढरं पान उघडून स्क्रीनवर डाग बघा. बॅटरी रिपोर्ट काढायला लावा; त्यात मूळ क्षमता आणि आताची क्षमता असे दोन आकडे दिसतात. बायोसला (विंडोजच्या आधी चालू होणारं मशीनचं मूळ सेटिंग) जुन्या कंपनीचा पासवर्ड राहिलेला नाही ना, हे बघायला विसरू नका. माझ्या पहिल्या मशीनला तो होता, दोन फेऱ्या पडल्या. बिल घ्याच.

आता राउटर. लॅपटॉप चालू आणि वायफाय गेलं, तर कॉल तुटलाच. बहुतेक राउटर 12 व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठी छोटा डीसी यूपीएस, म्हणजे लाइट गेल्यावर राउटर चालू ठेवणारा बॅटरीचा डबा मिळतो, घ्या की. फक्त अॅडॅप्टरवरचा व्होल्ट आणि अँपियरचा आकडा जुळवून घ्या. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही बॅकअप लागेल. घरात इन्व्हर्टर असेल तर हा खर्च वाचला.

वळीव गडगडायला लागला की चार्जरची पिन काढून ठेवा. लाइनच तुटली तर फोनच्या नेटवर यावं लागतं, तेव्हा फोन केबलने जोडा, तो चार्जही होत राहतो. कुठल्या सिमला रेंज येते हे अंगणात नव्हे, जिथे टेबल मांडणार त्या खोलीत, दार लावून बघा. लॅपटॉप आणायच्या आधी हे करा.