घरातली झाडं : तुमचे प्रश्न

प्रश्न : स्नेक प्लांटला आठवड्यातून एकदाच पाणी घालते. तरी पावसाळ्यात पानं बुडाशी मऊ होऊन आडवी पडली, कुजकट वासही येतोय. झाड वाचेल का? (डोंबिवली)

उत्तर : मातीखालच्या गड्ड्याचा काही भाग अजून टणक असेल तर वाचेल, पण कुंडी आजच रिकामी करा. ‘आठवड्यातून एकदा’ हा नियमच या झाडाच्या मुळावर येतो. कुंडीत नुसतं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असेल, तर जुलैच्या दमट हवेत त्यातली ओल हटता हटत नाही. वरचा थर कोरडा दिसतो, आत चिखल असतो. मुळांना हवा मिळत नाही आणि बुरशी धरते.

माती झटकून मुळं धुवा. दाबल्यावर साल सुटून आत नुसता दोरा उरतो, ती मुळं कुजलेली. ती आणि गड्ड्याचा मऊ भाग स्पिरिटने पुसलेल्या सुरीने कापा. उरलेलं झाड दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्या. मग 2 भाग माती, 2 भाग जाडसर वाळू आणि 1 भाग गांडूळखत असं मिश्रण करून भोक असलेल्या मातीच्या कुंडीत लावा. कुंडी मुळांच्या पसाऱ्यापेक्षा इंचभरच मोठी घ्या. पहिला आठवडा पाणी नको. पुढे लाकडी काडी तळापर्यंत खुपसून बघायची. कोरडी निघाली तरच पाणी.

गड्डा पूर्ण गेला असेल तर निरोगी पानाचे 3 इंची तुकडे, खालचं टोक खालीच ठेवून, वाळूत खोचा. पिवळ्या काठाच्या जातीला मात्र पानापासून साधी हिरवीच रोपं येतात.

प्रश्न : जेडच्या पेरांत पांढरा कापूस दिसतो. कडुनिंबाचं तेल फवारलं, तरी पुन्हा येतो. (पुणे)

उत्तर : हा पिठ्या ढेकूण. अंगावरच्या मेणामुळे फवारा आत पोचत नाही, आणि साबण-तेलाने जेडची पानंही डागाळू शकतात. सर्जिकल स्पिरिटमध्ये कापसाची काडी बुडवून एकेक कीड टिपा. अंड्यांतून नवी पिल्लं निघत राहतात, म्हणून दर आठवड्याला, निदान चार वेळा करा. कुंडीवर मुंग्या असतील तर त्यांचाही बंदोबस्त हवा. किडीच्या चिकट गोड स्रावासाठी त्या तिला जपतात.

प्रश्न : बाटलीतल्या मनी प्लांटची पानं लहानच राहतात. (नाशिक)

उत्तर : पाण्यात अन्न नाही. बाटली खिडकीजवळ ठेवा, आठवड्याला पाणी बदला, महिन्यातून एकदा 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) विद्राव्य खत लिटरला चिमूटभर घाला. तळहाताएवढी पानं हवी असतील तर वेल मातीत लावून मॉस स्टिकवर (शेवाळ गुंडाळलेल्या काठीवर) चढवा. लोंबत्या वेलीची पानं लहानच होत जातात.