धावलं की गुडघे जातात? वाचकांचे प्रश्न

पाऊस ओसरला की गोव्यात धावणारे बाहेर पडतात, मिरामार-कांपालला तर पहाटे पाचलाच गर्दी. त्याच सुमाराला मला येणारी पत्रंही गुडघ्यांचीच जास्त असतात. एक फिजिओथेरपिस्ट म्हणून त्यातल्या पाचांची उत्तरं यावेळी देतेय.

प्रश्न: नमस्कार ताई, मी फोंड्याची, वय ४६. तीन वर्षं झाली, सकाळी फर्मागुडीला धावते, आठवड्याला २०-२५ किलोमीटर होतात. तसा मोठा त्रास नाही, फक्त उतारावर कधीकधी उजव्या गुडघ्याच्या वाटीभोवती दुखतं. पण माझ्या आईचे दोन्ही गुडघे बदललेत आणि आता घरात सगळे मागे लागलेत की तू पण धावून धावून गुडघे घालवणार, टायर झिजतो तसा गुडघा झिजतो. सासूबाई रोज म्हणतात वंगण संपलं की मग बसशील. खरंच बंद करू का?

उत्तर: बंद करू नका ताई. टायर झिजला की झिजला, तो काही स्वतःला दुरुस्त करत नाही, गुडघा जिवंत आहे. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते तिच्यात रक्तवाहिन्याच नसतात, तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून, आणि तो द्रव आत-बाहेर व्हायला तिच्यावर दाब पडून सुटावा लागतो, म्हणजे चालावं लागतं, धावावं लागतं. सासूबाई ज्याला वंगण म्हणतात ते हेच, ते सांध्याचं अस्तर सतत तयार करत असतं, वापरलं म्हणून संपत नाही. उलट महिनाभर प्लास्टरमध्ये ठेवलेला पाय सोडला की गुडघा किती आखडलेला असतो ते बघा.

आता आकडे सांगते, म्हणजे घरात सांगायला बरे. २०१७ साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आधीच्या १७ अभ्यासांचा एकत्र आढावा आला, लाखाच्या वर माणसं होती त्यात. गुडघ्याचा किंवा खुब्याचा झिजेचा संधिवात हौशी धावणाऱ्यांत ३.५ टक्के, अजिबात न धावणाऱ्यांत १०.२ टक्के, आणि व्यावसायिक किंवा आंतरराष्ट्रीय पातळीवर धावणाऱ्यांत १३.३ टक्के निघाला. तुम्ही पहिल्या गटातल्या. यात एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, ज्यांचे गुडघे आधीच दुखतात ती माणसं धावणं सोडून देतात, त्यामुळे धावल्याने गुडघे वाचतात असं यावरून छातीठोकपणे म्हणता येणार नाही, पण हौसेने धावल्याने गुडघे जातात या समजुतीला मात्र काही आधार उरत नाही. स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी तर पन्नाशी ओलांडलेले ४५ धावणारे आणि ५३ न धावणारे घेऊन १९८४ पासून २००२ पर्यंत त्यांच्या गुडघ्यांचे एक्स-रे काढले. शेवटी संधिवाताच्या खुणा धावणाऱ्यांत २० टक्के, न धावणाऱ्यांत ३२ टक्के. माणसं थोडी असल्याने हा फरक फार मोठा मानू नका, पण धावणाऱ्यांचं जास्त बिघडलं नाही एवढं नक्की.

बऱ्याच जणांना प्रश्न पडतो की धावताना गुडघ्यावर चालण्यापेक्षा कितीतरी जास्त भार येतो, मग झीज कशी नाही? भार जास्त येतो हे खरंच आहे. पण धावताना पाऊल लांब पडतं आणि पाय जमिनीवर थोडाच वेळ टेकतो, त्यामुळे एक किलोमीटरचा हिशोब केला तर गुडघ्यावर पडलेला एकूण भार चालणाऱ्याच्या आणि धावणाऱ्याच्या बाबतीत जवळपास सारखाच येतो, २०१४ मध्ये हे मोजून बघितलंय.

आईच्या गुडघ्यांचं म्हणाल तर अनुवंशिकतेचा वाटा असतो, नाकारत नाही. पण तुमच्या हातात जे आहे ते वजन. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासात दहा वर्षांत साधारण पाच किलो वजन उतरलेल्या बायकांमध्ये गुडघ्याच्या संधिवाताचा धोका निम्म्याहून कमी झालेला दिसला. धावणं त्यातच मदत करतंय ना?

आणि ते वाटीभोवतीचं दुखणं. फर्मागुडीहून म्हार्दोळच्या बाजूने उतरत असाल तर उतार चांगलाच आहे, तिथे मांडीचा पुढचा स्नायू ब्रेक लावत असतो आणि वाटी मागे दाबली जाते. ही झीज नव्हे. माझ्याकडे असं दुखणं घेऊन बायका येतात त्यांना मी एका पायरीवरून हळू उतरायला लावते, समोर आरसा, आणि बहुतेकींचा गुडघा आत अंगठ्याकडे वळतो, कुल्ल्याच्या बाजूचा स्नायू कमजोर पडलेला असतो. घरी करून बघा. कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं, पायरीवरून हळू उतरणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं, आठवड्यातून तीनदा, दोन-तीन महिने. शिवाय पावलं जरा छोटी आणि भरभर टाका, मिनिटाला जेवढी पडतात त्याच्या पाच-दहा टक्के जास्त, एवढ्यानेही गुडघ्यावरचा भार कमी होतो. उतार काही आठवडे चालत उतरलात तर काही बिघडत नाही.

प्रश्न: मी मडगावचा, वय ३९. लहानपणापासून फुटबॉल, भात कापून झालं की शेतातच गोल रोवायचे आणि अंधार पडेपर्यंत खेळायचं. २३ व्या वर्षी वळताना गुडघ्यात कटकन आवाज आला, एसीएल, म्हणजे गुडघ्यातली हाडं आतून बांधून ठेवणारं लिगामेंट, तुटलं, हाडांमधली गादी पण फाटली. ऑपरेशन करून गादीचा तुकडा काढला, लिगामेंट तसंच ठेवलं. रविवारी अजून खेळतो, पट्टा बांधून. आता वजन ८८ झालंय म्हणून मित्राबरोबर वास्कोची हाफ मॅरेथॉन करायचं ठरवलंय, हातात तीन महिने आहेत, आजवर सलग ५ किलोमीटरच धावलोय. जमेल का?

उत्तर: दादा, वरच्या ताईंना दिलेलं उत्तर तुम्हाला तसंच्या तसं लागू होत नाही. धडधाकट गुडघा आणि एकदा मोडलेला गुडघा यात फरक आहे, आणि गोव्यात फुटबॉलमुळे असे गुडघे घरोघरी आहेत म्हणून हे जरा सविस्तर लिहिते. एसीएल किंवा गादी फाटलेल्या माणसांपैकी सरासरी निम्म्यांना पुढच्या १० ते २० वर्षांत त्या गुडघ्यात संधिवात दिसू लागतो. तुमची १६ वर्षं झाली. घाबरवायला सांगत नाही, पण हाफ मॅरेथॉनचा फॉर्म भरायच्या आधी गुडघा एकदा ऑर्थोपेडिककडे दाखवून घ्या.

तोवर घरी दोन गोष्टी बघा. शिंप्याची टेप घ्या, वाटीच्या वरच्या कडेपासून चार बोटं वर खूण करा आणि दोन्ही मांड्यांचा घेर मोजा. दुखावलेली मांडी दीड-दोन सेंटिमीटरने बारीक निघाली तर ताकद अजून परत आलेलीच नाही. दुसरं, जिना उतरताना गुडघा सटकल्यासारखा होतो का, अडकतो का, खेळून आल्यावर दुसऱ्या दिवशी सुजतो का? यातलं काहीही होत असेल तर आधी मांडीचे आणि कुल्ल्याचे व्यायाम किमान तीन महिने, धावणं नंतर.

सगळं ठीक असलं तरी ५ किलोमीटरवरून हाफ मॅरेथॉनच्या २१ वर तीन महिन्यांत जाऊ नका. २०२५ मध्ये पाच हजारांवर धावणाऱ्यांचा एक मोठा अभ्यास आला, त्यात असं दिसलं की दुखापत आठवड्याच्या एकूण किलोमीटरपेक्षा एखाद्याच लांब पल्ल्याने जास्त होते, गेल्या महिन्याभरात जेवढं सलग धावलात त्याच्या दहा टक्क्यांहून जास्त एका दमात धावलं की धोका वाढायला लागतो. म्हणजे ५ नंतर साडेपाच, मग सहा. रविवारी मित्राच्या जोशात थेट १२ मारले तर जुनं दुखणं वर येणार. यंदा १० किलोमीटरची शर्यत धरा, हाफ पुढच्या वर्षी.

वजनाचंही सांगते. गुडघ्याचा संधिवात असलेल्या जाड माणसांवर केलेल्या एका अभ्यासात, एक किलो उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोने कमी झाला. त्यामुळे पहिले दोन महिने सायकल, पोहणं, चालणं यावर वजन उतरवा. आणि कडक वाटेल पण मनापासून सांगते, तुमच्या गुडघ्याला सरळ रेषेत धावण्यापेक्षा तो रविवारचा फुटबॉल जास्त वाईट आहे. लिगामेंटशिवाय अचानक वळणं, थांबणं, टॅकल झेलणं, यात उरलेली गादीही फाटते, आणि पट्टा बांधल्याने तुटलेल्या एसीएलचं काम होत नाही.

प्रश्न: ताई, मी डिचोलीची, वय २०. पोलीस भरतीची तयारी करतेय. आधी कधी धावले नव्हते, दोन महिन्यांपासून रोज शाळेच्या ग्राउंडवर धावते. डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला दुखतं, आधी फक्त धावताना दुखायचं, आता चालताना पण, रात्री ठणकतं. बोट दाबलं की एकाच जागी जोरात कळ येते. सर म्हणतात सवय होईल, शेकून घे. वजन उतरावं म्हणून रात्रीचं जेवण बंद केलंय. तीन महिने पाळी पण नाही आली, ती धावण्यामुळे असेल ना?

उत्तर: बाळा, आजपासून धावणं बंद कर. नवीन धावणाऱ्यांची नडगी दुखते तेव्हा दुखणं बहुतेक वेळा लांब पट्टीत पसरलेलं असतं आणि अंग गरम झालं की कमी होतं. तुझं एका बोटाएवढ्या जागेत आहे आणि रात्री झोपेतही ठणकतंय, ही हाडाला बारीक तडा जात असल्याची खूण असू शकते, स्ट्रेस फ्रॅक्चर. शेकून ते जाणार नाही आणि सवयही होणार नाही. त्यावर धावत राहिलीस तर हाड पूर्ण मोडू शकतं. एका पायावर उडी मारून दुखतं का वगैरे बघत बसू नकोस. म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात किंवा बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात हाडांच्या ओपीडीत जा आणि मला लिहिलंयस ते सगळं तिथे सांग, पाळीचंसुद्धा, लाजू नकोस. एक्स-रे नॉर्मल आला तरी तेवढ्यावर थांबू नकोस, हा तडा पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बहुतेक दिसतच नाही, एमआरआय लागू शकतो.

पाळीचं कारण पहिल्यांदा डॉक्टर शोधतील, पण रात्री उपाशी राहून रोज धावलं की शरीराला इंधन कमी पडतं, मग ते पाळी थांबवतं, आणि पाळी थांबवणाऱ्या त्याच कमतरतेने हाडंही कमजोर होतात. तुझी नडगी आणि तुझी पाळी ही मला दोन वेगळी दुखणी वाटत नाहीत. रात्रीचं जेवण आजच सुरू कर, शीतकडी, सोबत बांगडा किंवा तारले, त्यांत ड जीवनसत्त्व असतं, कॅल्शियमसाठी नाचणी, दूध. तारले तर स्वस्तही असतात. शाकाहारी असशील तर रक्तातलं ड जीवनसत्त्व तपासून घे.

साधा तडा असेल तर सहा ते आठ आठवड्यांत बहुधा भरतो, मग एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल, असं परत सुरू करता येतं. नडगीच्या पुढच्या कडेला असेल तर जास्त वेळ लागतो, ते डॉक्टर सांगतील. भरती हुकेल म्हणून जीव खालीवर होत असेल, समजतं मला. पण भरती परत निघेल. तुझ्या सरांना हे उत्तर दाखव, त्यांच्याकडे आणखी मुली येत असतील.

प्रश्न: मिरामारला वाळूवर अनवाणी धावलेलं गुडघ्यांना चांगलं असतं म्हणतात, खरं का? (ताळगावचे एक वाचक)

उत्तर: थोडं खरं आहे. मऊ वाळूत आदळणं कमी होतं, पण पाय रुततो, टाच खाली जाते, म्हणून पोटरी आणि टाचेमागची जाड शीर जास्त ओढली जाते, आणि दमही जास्त लागतो, कोरड्या वाळूत धावायला कडक जमिनीच्या दीडपटीहून जास्त शक्ती खर्च होते. ओहोटीला ओली घट्ट वाळू धावायला छान असते, फक्त तिला समुद्राकडे उतार असतो, एकाच दिशेने लांब गेलं तर एक पाय सतत खाली पडतो. म्हणून जितकं जाल तितकंच परत या. सुरुवात दहा मिनिटांनी, बाकीचं बूट घालून रस्त्यावर. सकाळी उठल्यावर पहिली चार पावलं टाच दुखत असेल तर मात्र अनवाणी नको.

प्रश्न: वय ६७, पणजीत राहतो. उजव्या गुडघ्यात गॅप कमी झालाय असं एक्स-रेत आलंय. बीपीची गोळी चालू आहे. मुलगा कांपालला धावतो, मलाही त्याच्याबरोबर थोडं धावावंसं वाटतं. बायको म्हणते गप्प घरी बसा.

उत्तर: काका, घरी मात्र बसू नका. एक्स-रेतला गॅप आणि प्रत्यक्षातलं दुखणं यांचा मेळ दर वेळी बसत नाही, गॅप बराच कमी असूनही मजेत फिरणारी माणसं मी रोज बघते. ५० च्या पुढच्या, गुडघ्याचा संधिवात असलेल्या लोकांचा २०१८ मधला एक अभ्यास आहे, त्यात आपल्या मर्जीने झेपेल तेवढं धावणाऱ्यांचा संधिवात न धावणाऱ्यांपेक्षा जास्त वाढलेला दिसला नाही.

पण आधी डॉक्टरांना विचारून ईसीजी, बीपी बघून घ्या, या वयात गुडघ्याआधी छातीची खात्री हवी. मग महिनाभर नुसतं चाला, अर्धा तास, आणि घरी रोज खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, दोन फेऱ्या. हे सहज जमायला लागलं की चालता चालता मधेच अर्धा मिनिट हळू धावा, मुलाशी बोलता येईल इतकं हळू. धावताना दुखणं दहापैकी दोन-तीन असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उतरत असेल तर चालतं. सूज आली किंवा जिना उतरताना रेलिंग धरावं लागलं तर दोन दिवस फक्त चालणं. उन्हं वर यायच्या आत परत या, आपल्याकडे दमटपणा फार आहे, बीपीच्या गोळीवर असताना पाणी कमी पडलं तर चक्कर येते. आणि काकूंना एक दिवस बरोबर घेऊन जा.