सिनेमात टूथलेस एवढा मोठा का केला?

तुमच्या मुलीने 'हाऊ टू ट्रेन युअर ड्रॅगन'ची पुस्तकं आधी वाचली, मग सिनेमा लावल्यावर "हा टूथलेस नाहीच" म्हणून ती अर्ध्यातून उठून गेली. पुस्तकं एवढी गाजलेली असताना सिनेमावाले गोष्ट का बदलतात, असं तुम्ही विचारलंय.

आधी हे सांगतो की मुलीचं बरोबर आहे. क्रेसिडा कॉवेल यांच्या २००३ सालच्या पहिल्या पुस्तकातला टूथलेस म्हणजे अगदी सामान्य जातीचा, त्यातही सगळ्यात बारका, बोळका, हावरट आणि महा आगाऊ ड्रॅगन. गोष्टीचा नायक, हिकप नावाचा व्हायकिंग मुलगा, त्याला गुहेतून टोपलीत घालून आणतो. हिकपला ड्रॅगनांची भाषा येते, त्यामुळे दोघांची सतत जुंपलेली असते. ड्रॅगनला वळण कसं लावायचं याचं व्हायकिंगांचं अधिकृत शास्त्र एवढंच, की त्याच्यावर जोरात ओरडा. हिकपला ओरडणं जमत नाही, म्हणून तो विनोद सांगून, खुशामत करून, लालूच दाखवून बघतो. म्हणजे पुस्तकाची सगळी गंमत बडबडीत आहे.

२०१०च्या सिनेमात यातलं जवळजवळ काहीच नाही. तिथे ड्रॅगन हे गावाचे शत्रू. हिकप 'नाइट फ्युरी' या सगळ्यात भयंकर जातीच्या ड्रॅगनला पाडतो, त्यात त्याच्या शेपटीचा एक पंख जातो, आणि मग हिकपच त्याला नकली पंख बनवून देतो. हा टूथलेस एक अक्षर बोलत नाही.

सिनेमा आधी पुस्तकाच्या बराच जवळ जाणारा होता, टूथलेसही छोटाच होता. पण तो फारच चिमुकल्यांसाठीचा होतोय असं स्टुडिओला वाटलं आणि ख्रिस सँडर्स व डीन डेब्लॉइस या दिग्दर्शकांना आणलं गेलं. तेव्हा प्रदर्शनाला जेमतेम दीड वर्ष उरलं होतं. त्यांनी ड्रॅगन मोठा केला, कारण मुलाला त्याच्या पाठीवर बसून उडता यायला हवं होतं. थ्रीडीच्या त्या दिवसांत ढगांतून उडायची संधी कोण सोडेल?

नुसत्या उड्डाणासाठी केलेला बदल मीही माफ केला नसता. पण त्यांनी बोलणं काढून घेतल्यावर त्या जागी दुसरं काहीतरी भक्कम ठेवलं. वाळूत रेघोट्या काढण्याचा प्रसंग पुन्हा बघा. टूथलेस झाड ओढत वेड्यावाकड्या रेषा काढतो, रेषेवर पाय पडला की गुरगुरतो, आणि हिकप त्या रेषा चुकवत चुकवत त्याच्यापर्यंत पोचतो. संवाद नाहीत, फक्त जॉन पॉवेलचं संगीत. पुस्तकातला हिकप शब्दांनी जे करतो, तेच इथे पावलांनी होतं. दोन्हीकडे मुलगा एकच आहे: आरडाओरडा करणाऱ्या गावात समोरच्या प्राण्याकडे नीट लक्ष देणारा. माझ्या मते रूपांतर यशस्वी की फसलं हे इथे ठरतं.

फसलेलं बघायचं तर 'पर्सी जॅक्सन'. रिक रिऑर्डनच्या पहिल्या पुस्तकात पर्सी १२ वर्षांचा. २०१०च्या सिनेमात त्याला १६चा केला. वरवर किरकोळ वाटतं, पण पाचही पुस्तकांचा ताण एका भविष्यवाणीवर उभा आहे, आणि ती सोळाव्या वर्षाबद्दलच आहे. मुलगा सोळाचा होऊनच आला तर वाट कशाची बघायची? २०१३ला दुसरा भाग आला आणि गाडी तिथेच थांबली. पुढे २०२३च्या अखेरीस डिस्ने प्लसवर वेबमालिका सुरू झाली, तेव्हा पर्सी पुन्हा बाराचा होता.

अर्थात ड्रॅगनच्या सिनेमानेही काही गमावलंच. पहिल्या सिनेमाच्या शेवटी ड्रॅगन गावात पाळीव होतात आणि सगळे खूश. कॉवेल यांची गोष्ट सुरूच होते ती इथून, आणि ड्रॅगनांना गुलाम करून ठेवणं बरोबर आहे का, हा प्रश्न १२ पुस्तकांत हळूहळू एवढा वाढतो की शेवटी ड्रॅगन बंड करून उठतात. दीड तासाच्या कौटुंबिक सिनेमाला हे पेलणारं नव्हतं. (२०१९चा तिसरा भाग मात्र शेवटी पुस्तकांच्या बराच जवळ येतो. कसा ते मुलीला सांगू नका, तिची पुस्तकं वाचून व्हायची असतील.)

तिला सिनेमा पुन्हा दाखवायचा असेल तर हा वेगळा हिकप आणि वेगळा टूथलेस आहे असं आधीच सांगून टाका, आणि सुरुवातीऐवजी थेट वाळूचा प्रसंग लावा. तो आवडला तर बाकीचं ती स्वतःच मागेल. नाही आवडला तर २०२५चा खऱ्या नटांचा सिनेमा तरी आवडेल, या आशेवर मात्र राहू नका. तो डेब्लॉइस यांनीच, आधीच्या ॲनिमेशनपटावरूनच बेतलाय. बोळका टूथलेस त्यातही नाही.