पी०१३५ आला म्हणून दोन्ही ऑक्सिजन सेन्सर बदलायचे का?

तुमच्या चार सिलिंडरच्या पेट्रोल गाडीत चेक इंजिनचा दिवा लागलाय, स्कॅनरवर पी०१३५ हा बिघाडाचा कोड दिसतोय, गॅरेजमध्ये दोन्ही ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारे) बदलायला सांगितलंय आणि हे काम घरी जमेल का, असं तुम्ही विचारलंय. जमेल. पण दोन्ही बदलू नका आणि एकही विकत घेण्याआधी मल्टीमीटर लावा.

पी०१३५ म्हणजे बँक १ (बँक म्हणजे सिलिंडरची ओळ), सेन्सर १ च्या हीटरच्या सर्किटमध्ये बिघाड. सेन्सर १ म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याच्या) आधीचा, इंजिनाकडचा. कन्व्हर्टरनंतरचा तो सेन्सर २, त्याच्या हीटरचा कोड पी०१४१. एका ओळीतल्या चार सिलिंडरच्या इंजिनाला साधारणपणे बँक एकच असते, त्यामुळे शोधाशोध फारशी नाही. इंजिनाच्या हेडमधून एक्झॉस्ट जिथून बाहेर पडतो तिथून पाइपाचा माग काढा. स्पार्क प्लगसारखा दिसणारा, मागे तारांचं शेपूट असलेला पहिला भाग दिसेल, तोच तुमचा. काही गाड्यांत तो रेडिएटरच्या बाजूला समोरच असतो, काहींत केबिनच्या भिंतीकडे. तिथे हात घालायला त्रास होतो.

सेन्सर सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्याशिवाय नीट काम करत नाही, म्हणून आत हीटर असतो. तो गेला की गाडी सुरू केल्यावर ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) बराच वेळ सेन्सरविना अंदाजाने पेट्रोल सोडतो. रोजचं जाणं-येणं दोन-तीन किलोमीटरचं असेल तर मायलेज तिथेच जातं.

आधी हीटरचा फ्यूज बघा. मग सेन्सरच्या तारांचा कपलर (प्लग) काढा. चार तारांच्या सेन्सरमध्ये बहुधा एकाच रंगाच्या दोन तारा असतात, त्या हीटरच्या. सेन्सरच्या बाजूने त्या दोघींमध्ये रेझिस्टन्स मोजा. थंड असताना बहुतेक सेन्सरना ३ ते १५ ओमच्या आसपास येतो, नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. मीटर सर्किट तुटलेलं (ओएल) दाखवत असेल तर हीटर तुटलाय, सेन्सर बदला. आकडा ठीक असेल तर इंजिन चालू ठेवून गाडीच्या बाजूच्या कपलरमध्ये बॅटरीइतके व्होल्ट येतात का ते चेसिसला काळी प्रोब लावून तपासा. व्होल्ट येत नसतील तर दोष वायरिंगचा, आणि नवा सेन्सर टाकूनही दिवा परत लागेल.

खोलताना इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा. धातू गरम असला की आटे सुटतात. एक्झॉस्ट हात भाजण्याइतका गरम असतो, जाड हातमोजे घाला. आट्यांवर पेनिट्रेटिंग ऑइल मारून थोडं थांबा. पाना बहुतेक वेळा २२ मिलिमीटरचा लागतो. तारेसाठी खाच असलेला सॉकेट मिळाला तर उत्तम, साध्या फिक्स पान्याने षटकोन गोल होतो. गाडीखालून काम करायचं असेल तर जॅकवर विसंबू नका, स्टँड लावाच.

जुना सेन्सर निघाला की त्याचं टोक निरखून बघा. कोरडी काळी काजळी असेल तर इंजिन पेट्रोल जास्त खातंय. पांढरट पूड असेल तर सिलिकॉन सीलंट किंवा आत गळणारं कूलंट यावर संशय घ्या. ते कारण दूर केलं नाही तर नवा सेन्सरही तसाच मरेल.

नव्याच्या आट्यांवर अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) बहुधा आधीच लावलेलं असतं. नसेल तर फक्त आट्यांवर पुसटसं लावा, टोकाला अजिबात नको. सुरुवातीचे आटे हातानेच बसवा. तिरके गेले तर मॅनिफोल्डचे (एक्झॉस्टच्या ज्या भागात सेन्सर बसतो त्याचे) आटे जातात आणि १८ बाय १.५ च्या टॅपने (आटे पाडायच्या हत्याराने) ते साफ करत बसावं लागतं. टॉर्क साधारण ४० ते ५० न्यूटन-मीटर. तार जुन्याच क्लिपमधून न्या, एक्झॉस्टला टेकली की वितळते.

कपलर कापून तारा जोडायचा स्वस्त युनिव्हर्सल सेन्सर मी तरी सुचवणार नाही. बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा तारांच्या आतूनच मिळते. सोल्डरने ती वाट बंद होते, म्हणून जोडायचाच झाला तर क्रिंप करा (तारा धातूच्या नळीत दाबून जोडा). त्याच कारणाने कपलरवर क्लीनरचा स्प्रे किंवा ग्रीस मारू नका.

शेवटी कोड पुसा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, गाडी सुरू करून पुन्हा स्कॅन करा. हीटरची तपासणी बऱ्याच गाड्यांत ईसीयू थंड स्टार्टनंतरच नीट करतो, लगेच केलेल्या स्कॅनवर भरवसा ठेवू नका.