वाचकांचे प्रश्न: तासांवरून क्लायंटशी वाजलंय

ह्या वेळी स्वतंत्रपणे काम करणाऱ्यांची पत्रं जास्त आली आणि बहुतेकांचं दुखणं एकच, तास. त्यातली तीन घेतलीत, पहिल्याला जास्त जागा दिलीय कारण ते सगळ्यांनाच कधी ना कधी भोवतं.

प्रश्न: ताई, मी वेबसाइट बनवते, तासावर बिल लावते. एका कामाला अंदाजे 40 तास लागतील असं ईमेलमध्ये कळवलं होतं, झाले 58. आता क्लायंट म्हणतो 40 च्या वर एक पैसा देणार नाही, वर म्हणे त्याच्या ओळखीतला एक जण हेच काम 20 तासांत करतो. माझ्याकडे वहीत रोजचे तास लिहिलेले आहेत, एकही फुगवलेला नाही. भांडू का सोडून देऊ?

उत्तर: दोन्ही नको. तास खरे आहेत ह्यावर माझा विश्वास आहे, पण 58 हा आकडा क्लायंटने पहिल्यांदा कुठे बघितला? थेट बिलात. त्याच्या जागी कोणीही असतं तरी दचकलंच असतं, आणि दचकलेला माणूस आधी तुमच्या वेगावर शंका घेतो, मग हेतूवर. त्या 20 तासवाल्या ओळखीच्या माणसाला उत्तरच देऊ नका, त्या वादात शिरलात की संपलं, तो माणूस कधी समोर येत नाही आणि हरतही नाही.

आधी तो जुना ईमेल उघडा. अंदाज दिला होता की कमाल मर्यादा कबूल केली होती? मर्यादा कबूल केली असेल तर वाढीव तास मागायला तुमची बाजू लंगडी आहे, फक्त क्लायंटने नंतर वाढवलेल्या कामाचे मागता येतील. नुसता अंदाज असेल तर बिल लावायचा हक्क आहे, पण हक्क आहे म्हणून पैसे येतातच असं नाही हे तुम्हालाही माहितीये.

मग ते वरचे 18 तास घेऊन बसा आणि त्यांचे तीन ढीग करा. क्लायंटने मधेच वाढवलेलं काम, म्हणजे 'अजून एक पान टाकू या ना' टाइप, ते वेगळं काढा आणि प्रत्येकापुढे त्याच्या मेसेजची तारीख लिहा. दुसरा ढीग त्याच्यामुळे झालेल्या खोळंब्याचा, फोटो उशिरा आले, मजकूर पास करून परत बदलला, ते सगळं. आणि तिसरा तुमचा स्वतःचा, अंदाज चुकला किंवा एखादी गोष्ट करता करता शिकावी लागली. समजा 9, 5 आणि 4 निघाले. पहिल्या 9 वर अजिबात मागे हटू नका, 5 वर पुरावा दाखवून ठाम राहा, आणि शेवटच्या 4 चं काय करायचं ते तुमच्या मर्जीवर, मी असते तर सोडले असते, पुढचं काम मिळायची शक्यता असेल तर नक्कीच.

सोडताना मात्र बिलात 58 चे 54 करू नका! बरेच जण इथेच घसरतात. बिलात 58 तास ठरलेल्या रेटनेच राहू देत आणि खाली वेगळ्या ओळीत '4 तासांची सवलत' असं लिहा. तास कमी केलेत की आधीचे खोटे होते असा अर्थ निघतो आणि रेट कमी केलात की पुढच्या वेळी तोच तुमचा रेट होऊन बसतो.

आता वही. 'साइटचं काम, 6 तास' असं लिहिलं असेल (आणि मला खात्री आहे तसंच लिहिलंय) तर त्यातून क्लायंटला काहीच कळत नाही. तेच 'मोबाईलवर ऑर्डर अडकत होती, कारण शोधलं, दुरुस्त करून तीन ब्राउझरवर तपासलं, 2 तास 15 मिनिटं' असं असलं की बोलणं बदलतं, कारण आता त्याला 'ऑर्डर अडकत नव्हती' असं म्हणावं लागेल आणि ते तो म्हणू शकत नाही. जुन्या नोंदी आता भरायच्या असतील तर कोडच्या हिस्टरीवरून, फाइल सेव्ह झाल्याच्या वेळांवरून, कॉल लॉगवरून भरा आणि ह्या नोंदी नंतर जुळवल्यात असं स्पष्ट सांगा. लपवलंत आणि सापडलं तर खरे तासही हातचे जातील.

मेसेज साधारण असा: 'नमस्कार, तुमची शंका समजली. 40 तासांबद्दल आपलं दुमत नाही, म्हणून बिलातली तेवढी रक्कम ठरलेल्या मुदतीत द्यावी. उरलेल्या तासांचा तपशील सोबत आहे. कुठल्या नोंदीवर आक्षेप आहे ते सांगा, त्यावर बोलू.' बघा, '58 का झाले' ह्या प्रश्नावरून आपण त्याला 'कुठली नोंद' वर आणलं. आणि त्याने 40 चे पैसे 'हिशोब पूर्ण' असं लिहून पाठवले तर गप्प बसून घेऊ नका, त्याच दिवशी लेखी कळवा की हे बिलापोटी आलेलं अर्धवट पेमेंट आहे. साइट बंद पाडणं, पासवर्ड बदलणं असले प्रकार करायचे नाहीत, कितीही राग आला तरी, त्याने तुमची खरी बाजूसुद्धा खोटी ठरते.

पुढच्या कामाला एवढंच करा की टाइमशीट दर आठवड्याला पाठवा, आक्षेप असेल तर 7 दिवसांत कळवा हे करारातच घाला, आणि 40 पैकी 30 तास झाले की 'अजून इतकं काम बाकी आहे, वर जाईल, चालू ठेवू का?' असं विचारून लेखी हो घ्या. अपवर्कसारख्या, स्वतंत्र काम करणाऱ्यांना क्लायंट मिळवून देणाऱ्या प्लॅटफॉर्मवर काम असेल तर त्यांचं ट्रॅकर दर 10 मिनिटांच्या तुकड्यात स्क्रीनचा फोटो घेतं, पैशांचं संरक्षण त्या तासांना मिळतं, हाताने भरलेल्या तासांना नाही आणि आठवड्याच्या मर्यादेच्या वरच्यांनाही नाही. ट्रॅकर चालू करायला विसरलात तर मग क्लायंटच्या भलेपणावर सगळं.

प्रश्न: मी कंत्राटावर डिझाइनची कामं करतो, नोकरीत नाही. तरी क्लायंटला मी 10 ते 7 ऑनलाइन हवा असतो, दुपारी हिरवा ठिपका गेला की लगेच 'कुठे आहात?' काम वेळेत देतो तरी हे. कसं सांगू, काम जायला नको.

उत्तर: दादा, तुम्हाला सुट्टी, विमा, पगार नोकराचा नाही आणि हजेरी मात्र नोकराची, हे काही जमत नाही. कायदासुद्धा बऱ्याच ठिकाणी हेच बघतो की काम कधी आणि कसं करायचं हे कोण ठरवतंय, कॅलिफोर्नियात 2020 पासून लागू झालेल्या कायद्यातल्या तीन कसोट्यांपैकी पहिली हीच आहे. क्लायंटला कायद्याचा बडगा दाखवू नका हं, लगेच बिथरतात. बहुतेकांना हजेरी नकोच असते, अडलं तर माणूस सापडेल ना ही धास्ती असते, म्हणून ती काढा. रोज ठरलेले दोन-तीन तास 'ह्या वेळात लगेच उत्तर देईन', बाकी वेळी चार तासांच्या आत, आणि खरंच पेटलं असेल तर फोन. हे लेखी द्या आणि पहिले काही आठवडे काटेकोर पाळा. त्यावरही दिवसभर बसायलाच हवं म्हणाला तर नुसतं थांबून राहण्याचाही रेट सांगा, दर महिन्याची बांधलेली रक्कम. रक्कम ऐकली की बऱ्याच जणांची गरज आपोआप कमी होते.

क्लायंट परदेशी असेल तर वेळ यूटीसीमध्येही, म्हणजे जगभर एकच धरल्या जाणाऱ्या प्रमाणवेळेतही लिहा. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपात शेवटच्या, मधल्या दिवसांत कोण उशिरा आलं ह्यावरून उगाच वाजतं.

प्रश्न: 10 मिनिटांचा कॉल बिलात लावायचा का?

उत्तर: लावायचा. वकील लोक 6-6 मिनिटांचे तुकडे धरतात, तुम्ही 15 धरा, पण आधी सांगून, आणि दिवसातले छोटे कॉल एकत्र करून मगच पुढच्या 15 पर्यंत वर ओढा, प्रत्येक कॉल वेगळा ओढलात तर ती लबाडी झाली. बिल बनवायला लागलेला वेळ लावू नका, तो आपला. क्लायंटने तेच बिल तिसऱ्यांदा वेगळ्या फॉरमॅटमध्ये मागितलं तर मात्र खुशाल लावा.