रिकाम्या हातांची छत्तीस मिनिटं

प्रिय खेळाडू मित्रा,

तू पाठवलेला तुझ्या बास्केटबॉलचा तीन मिनिटांचा व्हिडिओ पाहिला. त्यात ड्रिबल आहे, क्रॉसओव्हर आहे, दोन झकास डंक आहेत. चेंडू दुसऱ्याकडे असताना तू काय करतोस, ते मात्र कुठेच दिसत नाही. व्यावसायिक संघाचा कोच आधी तेच शोधतो, म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे.

हिशेब करून बघ. फिबा म्हणजे बास्केटबॉलची जागतिक संघटना, तिच्या नियमांप्रमाणे सामना ४० मिनिटांचा. साधारण निम्मा वेळ चेंडू समोरच्या संघाकडे. उरलेली २० मिनिटं पाच जणांत वाटली तर तुझ्या वाट्याला चार येतात, तीही एक सेकंदसुद्धा बाकावर न बसता. म्हणजे ३६ मिनिटं हात रिकामे. सध्याच्या संघात तू सगळ्यांत भारी, म्हणून चेंडू फिरून फिरून तुझ्याकडे येतो. व्यावसायिक संघात तुझ्यासारखे बारा जण असतात, आणि त्यातला प्रत्येक जण आपापल्या जुन्या संघातला हुकमी एक्का असतो. डाव मात्र एकदोघांसाठीच आखले जातात. बाकीच्यांचा पगार रिकाम्या हातांच्या कामाचा.

पी. जे. टकरचं उदाहरण नीट समजून घे. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे संघ ड्राफ्टमध्ये नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात. २००६ च्या ड्राफ्टमध्ये तो ३५ वा निवडला गेला, पहिल्या हंगामात जेमतेम १७ सामने खेळला आणि संघाने त्याला सोडून दिलं. पुढची पाच वर्षं तो इस्राएल, युक्रेन, ग्रीस, इटली, जर्मनी अशा देशांत खेळला. २०१२ मध्ये एनबीएत परतला आणि २०२१ मध्ये मिलवॉकीकडून विजेता झाला. परतल्यावर गुणांचा डोंगर रचणं हे त्याचं काम नव्हतं. समोरच्या संघातल्या सर्वांत अवघड माणसाला अडवायचं, रिबाउंडसाठी, म्हणजे हुकून परतलेल्या चेंडूसाठी, अंग घालायचं आणि कोपऱ्यात उभं राहून थ्री, म्हणजे लांबच्या रेषेबाहेरून तीन गुणांचे शॉट, टाकायचे. ही तीन कामं तो इतकी चोख करायचा की मोठमोठ्या संघांना तो हवा असायचा.

आता प्रत्यक्ष काम. सुरुवात क्लोजआउटपासून, म्हणजे मोकळ्या सुटलेल्या शूटरवर धावून जाऊन त्याला झाकण्यापासून कर, कारण नव्या खेळाडूची परीक्षा तिथेच होते. मदतीसाठी तू आत सरकला आहेस, तुझा माणूस, म्हणजे ज्याला अडवणं तुझं काम तो, कोपऱ्यात मोकळा आहे आणि त्याच्याकडे पास निघाला. पास हवेत असतानाच निघायचं. त्याने झेलल्यावर निघालास तर उशीर झाला. पहिलं दोन-तृतीयांश अंतर पूर्ण वेगाने, शेवटचं एक-तृतीयांश बारीक पावलांनी, कंबर खाली, एक हात त्याच्या शूटिंगच्या हातासमोर वर. नवे खेळाडू शेवटपर्यंत धावत येतात आणि उडी मारतात. समोरचा नुसती हूल देतो, तू हवेत, आणि तो मोकळ्या वाटेने रिंगपर्यंत. मग मदतीला दुसरा येतो, त्याचा माणूस सुटतो, त्याला झाकायला तिसरा पळतो. एका उडीने पाच जणांचा बचाव उसवतो. व्हिडिओत चूक तिसऱ्याची दिसते, पण कोचच्या नजरेतून ती पहिली उडी सुटत नाही.

स्क्रीन लावताना, म्हणजे सोबत्याला वाट मिळावी म्हणून त्याच्या बचावपटूच्या आड उभं राहताना, धडकेच्या क्षणी पाय स्थिर हवेत. ज्याला अडवतोस त्याला तू दिसत नसशील, तर त्याला एका नेहमीच्या पावलाएवढी जागा सोडावी लागते. नाहीतर फाउल तुझा, आणि फिबात पाच फाउल झाले की तू बाहेर. रिबाउंडच्या वेळी चेंडूकडे बघत राहायची सवय मोड. शॉट सुटला की आधी आपला माणूस शोध, पाठीने त्याला अडव, मग वर बघ. आणि बोल! मागून स्क्रीन येतोय हे सोबत्याला धडकेआधी कळलं पाहिजे. बचावात मुका असलेला खेळाडू कितीही चपळ असला तरी कोच त्याच्यावर भरवसा टाकत नाही.

कोपऱ्यातली जागा दिसते तितकी सोपी नाही. फिबाच्या मैदानावर तिथे थ्रीची रेषा आणि बाजूची रेषा यांत फक्त ९० सेंटिमीटर अंतर असतं. पास झेलताना सवयीने एक पाऊल मागे गेलं की बाहेर, चेंडू समोरच्यांचा. म्हणून खाली न बघता तिथे जाऊन उभं राहायचं, मग पाय तपासायचे, असं दहा वेळा सलग बरोबर येईपर्यंत. ही जागा इतकी मोलाची का, तेही लक्षात ठेव. वरच्या भागात रेषा रिंगपासून ६.७५ मीटरवर, कोपऱ्यात ६.६० वर, एनबीएत अनुक्रमे ७.२४ आणि ६.७१ वर, म्हणजे कोपऱ्यातून थ्री जवळून मिळतो. तिनातला एक थ्री पडला तरी त्याचं मोल दोनातल्या एका साध्या बास्केटएवढं होतं.

शूटिंगबद्दल तू विचारलंस की रोज ५०० शॉट पुरेसे आहेत का. टाकलेले मोजू नकोस, पडलेले मोज. पाच जागा, प्रत्येक जागेवरून ५० पडेपर्यंत, म्हणजे २५०. आणि त्यासाठी किती टाकावे लागले ते वहीत लिही. चुकलेला प्रत्येक शॉट आखूड, लांब, डावा की उजवा तेही लिही. सरावाच्या शेवटी आखूड पडत असतील तर पाय थकलेत. हात बदलत बसू नकोस. डावे-उजवे जात असतील तर कोपर बाहेर पडतंय किंवा आधाराच्या हाताचा अंगठा चेंडूला ढकलतोय. कमानीचं गणित सरळ आहे: रिंगचा व्यास ४५ सेंटिमीटर, चेंडूचा साधारण २४. चेंडू ४५ अंशांनी खाली आला तर त्याला सुमारे ३२ सेंटिमीटरचं तोंड मिळतं. ३० अंशांनी आला तर साडेबावीस, म्हणजे चेंडूपेक्षाही कमी, मग रिंगला न लागता तो आत जाऊच शकत नाही. फ्री थ्रो, म्हणजे फाउलबद्दल मिळणारे बिनअडथळ्याचे शॉट, एका दमात ५० टाकून काही कळत नाही. सामन्यात बहुतेक वेळा दोनच मिळतात, तेही धाप लागलेली असताना. मैदानाच्या दोन फेऱ्या पूर्ण वेगाने, लगेच दोन फ्री थ्रो, पुन्हा फेऱ्या. असे दहा संच कर, मग जो आकडा येईल तो खरा.

शरीर हेही रिकाम्या हातांचंच काम. एनबीएतला नावाजलेला शूटर स्टीफन करी २०११-१२ च्या हंगामात घोट्यामुळे फक्त २६ सामने खेळला. त्यानंतर नुसता घोटा नव्हे, तर नितंबांचे स्नायू बळकट करण्यावर भर दिला गेला, म्हणजे वळताना-थांबताना भार घोट्याने नाही तर वरच्या मोठ्या स्नायूंनी उचलावा. तू एका पायावर ३० सेकंद डोळे मिटून उभा राहून बघ. डळमळत असशील तर रोज तीन वेळा कर. घोटा मुरगळल्यावर सूज उतरली म्हणजे बरा झाला असं नाही. त्या पायावरची लंगडी उडी दुसऱ्या पायाच्या निदान ९० टक्के जाईपर्यंत सामना नको. उडीनंतर खाली येताना गुडघे आतल्या बाजूला वळतात का, ते समोरून व्हिडिओ काढून तपास. एसीएल, म्हणजे गुडघ्यातला एक महत्त्वाचा अस्थिबंध, फाटण्याच्या दुखापतीत ही ठेवण वारंवार दिसते, आणि त्याच्या शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरणं म्हणजे पुन्हा फाटण्याचा धोका ओढवून घेणं.

झोप कापून सराव वाढवू नकोस. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्डच्या अभ्यासात कॉलेजच्या बास्केटबॉलपटूंनी काही आठवडे रात्री दहा तास अंथरुणात घालवायचं ठरवलं. त्यांची फ्री थ्रोची अचूकता ९ टक्क्यांनी सुधारली. आणि पूरक पावडरी, गोळ्या घेताना फार जप. हायजेनामाइनसारखी बंदी असलेली द्रव्यं वजन घटवण्याच्या किंवा ताकदीच्या उत्पादनांत सापडतात. उत्तेजक चाचणीच्या नमुन्यात काही निघालं तर 'मला माहीत नव्हतं' या उत्तराने दोष टळत नाही. पुढे या चाचणीसाठी ठावठिकाणा कळवण्याच्या यादीत नाव आलं, तर १२ महिन्यांत तीन चुका, म्हणजे चाचणी हुकणं किंवा चुकीची माहिती देणं, हासुद्धा नियमभंग धरला जातो.

करारावर थोडं, कारण इथे गुणी खेळाडूही फसतात. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये दोन फेऱ्या आणि फार तर ६० नावं असतात. हमीचे ठरीव करार पहिल्या फेरीला, दुसऱ्या फेरीतल्यांना तशी हमी नसते. बहुतेकांचं पोट जगभरच्या इतर लीगवर चालतं. तिथे सहीआधी बघ: रक्कम कर कापून आहे की कापण्याआधीची, हप्त्यांच्या तारखा, घर, गाडी, विमानाचं तिकीट लिहिलंय की नुसतं तोंडी, दुखापत झाली तरी पगार चालू राहील का, वैद्यकीय तपासणी किती दिवसांत, आणि ती पार झाल्यावर करार पक्का होतो का. हप्ता ठरावीक दिवसांपेक्षा जास्त थकला तर तुला करार सोडता येईल, हे कलम हवंच. वाद बास्केटबॉल आर्बिट्रल ट्रिब्युनल या लवादाकडे जाईल हे वाक्यही घालून घे. ते नसेल तर तुला परक्या देशातल्या कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतील. त्या ट्रिब्युनलचा निवाडा जो क्लब पाळत नाही, त्याच्यावर फिबा नवे खेळाडू घेण्याची बंदी घालू शकते, म्हणून त्याला वजन आहे. देश बदलताना आधीच्या देशाच्या महासंघाचं लेटर ऑफ क्लिअरन्स, म्हणजे ना-हरकत पत्र, लागतं. ते अडलं की नव्या संघाबरोबर तू फक्त सराव करशील. १८ वर्षांखालच्यांचं परदेशी स्थलांतर काही ठरावीक अपवाद सोडता बंद आहे, त्यामुळे कुणी घाई करत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. एजंटकडे फिबाचा परवाना आहे का, ते विचार. आणि पगार बहुधा दहाच महिन्यांचा असतो, तेव्हा रक्कम बाराने भागूनच घरखर्च ठरव.

आता एक काम. गेल्या चार सामन्यांचे पूर्ण व्हिडिओ काढ, हायलाइट नको. चेंडू तुझ्याकडे नसताना प्रत्येक वेळी थांबवून तीन गोष्टी मोज: गुडघे ताठ होते का, नजर फक्त चेंडूवर होती का, आणि शॉट सुटल्यावर तू कुणाला अडवलंस का. हे आकडे सामन्यागणिक वेगवेगळे लिहून पाठव. ते आले की उन्हाळ्याचं वेळापत्रक त्यावरून आखू.

तुझा,
मार्गदर्शक